माहेरचं आडनाव नांदायला आलं

४ जून

आत्या, तू कशी आहेस हे विचारायची सोय तू ठेवली नाहीस. पण पत्र तिथूनच सुरू करायची हाताला सवय, तेव्हा बाकीच्यांचं विचारते. तुझी मैत्रीण कशी आहे? तिचा थंडीतला खोकला गेला का? दुकानातलं आंधळं मांजर अजून इस्त्रीच्या टेबलाखालीच झोपतं का? मशीनचा पट्टा बदललास, की अजून घसरतोय?

आमच्याकडे ह्यांचा गुडघा आहे तसाच. बाजारात जाताना दुखतो, जेवायला उठताना दुखत नाही. चिरंजीवांचं पित्त वाढलंय. कामधंदा नसताना पित्त कशानं वाढतं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सूनबाईची पाठ दुखते, पण ती बोलत नाही, म्हणजे खरी दुखत असणार. माझा चष्म्याचा नंबर वाढला. बाकी ठणठणीत.

तू गेल्याचा फोन सकाळी आला. तुझ्या तिकडच्या देशातल्या वकीलबाई होत्या. सूनबाईला तिकडची भाषा येते, म्हणून तिनं घेतला. फोन ठेवून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं. मी समोरच्या काकूंच्या शालीला रफू करत होते. ते तसंच पुरं केलं. तूच शिकवलंस ना, की भोक अर्धं भरून उठायचं नाही, दोरा ढिला पडतो.

हे म्हणाले, "अरेरे. फार वाईट झालं." मग पेपरची घडी घातली आणि विचारलं, "मागे काय ठेवलंय?"

तुला पत्र लिहिता लिहिताच मी लिहायला शिकले. शाळा चौथीपर्यंतची. आता पाठवायचं कुठे? म्हणून ही वही. याला दैनंदिनी म्हणतात असं सूनबाई म्हणते. मी पत्रच म्हणेन.

७ जून

वकीलबाईंचा पुन्हा फोन. तू तुझं रफूचं दुकान भाचीला ठेवलंयस म्हणे. मृत्युपत्र पुढच्या महिन्यात व्हिडिओवर वाचून दाखवतील, तोवर ओळखीचे कागद तयार ठेवा म्हणाल्या.

दुकान! मला! मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी पुन्हा विसळली.

बाहेर ह्यांची सभा भरली होती. सभेत हे आणि चिरंजीव. तुला ठाऊकच आहे, ह्यांची नोकरी वजनमापं तपासायची. हयात दुसऱ्यांच्या तराजूतली खोट शोधण्यात गेली. म्हणाले, "यात एक मोठी खोट आहे. आडनाव."

"कोणाचं?" मी विचारलं.

"तुझं. आत्याचं आडनाव तुझ्या माहेरचं. तुझं आडनाव माझं. तिकडचे लोक सगळं आडनावावर चालवतात. विचारतील, ही बाई तुमची कोण? काय सांगशील?"

"भाची."

"कागदावर दिसतं का भाची?"

चिरंजीव म्हणाले, "बाबांच्या म्हणण्यात पॉइंट आहे."

मग ठरलं की मी माहेरचं आडनाव परत घ्यायचं. आत्या, मला हसू आवरेना. लग्न झालं त्या आठवड्यात एका पाकिटावर मी चुकून माहेरचं आडनाव लिहिलं होतं. तेव्हा हे काय म्हणाले होते? म्हणाले होते, "माहेरचं आडनाव म्हणजे दुधाचा दात. पडला की जीभ लावून बघायचं नाही." सासूबाईंना ते वाक्य इतकं आवडलं की आल्यागेल्याला ऐकवायच्या. आता म्हातारपणी तोच दात उगवतोय.

९ जून

ऐक पुढची गंमत. माझ्या एकटीचं आडनाव बदलून भागणार नाही असं ह्यांच्या लक्षात आलं.

"उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर? वारसाची साखळी तुटली. आडनाव माझंही पाहिजे आणि ह्याचंही."

"म्हणजे तुम्ही माझं आडनाव लावणार?"

"तुझं नाही. आत्याचं."

सूनबाई तेव्हाच लॅबमधून आली होती. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळते, पण तिला घेरी आमच्या घरात येते म्हणते. तिलाही अर्ज भरायला सांगितला. ती म्हणाली, "मला वगळा. लग्नात मी आडनाव बदललं नाही म्हणून तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतात, बाबा."

"तो तत्त्वाचा प्रश्न होता."

"आणि हा?"

"हा व्यवहाराचा."

"मग तत्त्व गेलं कुठे? दुधाचा दात का काय होता ना?"

ती चप्पल काढता काढता पुढे म्हणाली, "दात नाही म्हणता येणार. बाबांनी कवळी बसवली म्हणा."

मी पदराआड हसले. बरं नाही दिसत, पण हसले. ह्यांचा स्वभाव वाईट नाही गं. घराचं भलं व्हावं म्हणूनच धडपडतात. फक्त घर म्हणजे आपण स्वतः, असा त्यांचा लहानपणापासूनचा समज आहे.

१५ जून

सरकारी राजपत्रात छापून आलं. तेवढ्यानं काम भागत होतं, पण ह्यांना ते पुरेना. वर्तमानपत्रात चौकटीची जाहिरात दिली. तिघांचे फोटो. अमक्या आडनावाची ही बाई यापुढे तमक्या आडनावानं ओळखली जाईल, राजपत्राचा क्रमांक अमुक. खाली ह्यांचं आणि चिरंजीवांचं तसंच. जाडजूड काळी चौकट होती. समोरच्या काकू रडत आल्या. त्यांना वाटलं, तिघेही गेलो.

ह्यांनी पेपरचे गठ्ठेच आणले आणि जिन्यातल्या प्रत्येक दारात एकेक टाकला. "लोकांना कळलं पाहिजे," म्हणाले. एक मी माझ्या रफूच्या डब्यात तळाला घातला. सुया गंजत नाहीत.

२६ जून

दारावरची पाटी बदलली. पितळी पाटी पुसून पुसून मी चकचकीत ठेवली होती, ती माळ्यावर गेली. पाटीवाला म्हणाला, "काका, नवीन भाडेकरू आले का?"

हे म्हणाले, "मीच आहे."

"मग जुने गेले कुठे?"

हे त्याचे स्क्रू मोजायला लागले. आत्या, मलाही सांगता आलं नसतं.

२ जुलै

खाली राखणदारानं ह्यांच्या जुन्या साहेबांना परत पाठवलं. "त्या नावाचं इथे कोणी राहत नाही," म्हणाला. राखणदार नियमाचा पक्का आहे. पेन्शनच्या ऑफिसात त्याहून पक्के बसलेत. तिथे म्हणाले, या आडनावाचा माणूस आमच्याकडे नोकरीलाच नव्हता. हे दिवसभर तिथे बसून आले. संध्याकाळी बूट न काढताच पलंगावर आडवे झाले. मी बूट काढले, गुडघ्याला तेल लावलं. तेव्हा म्हणाले, "तुला लग्नानंतर असंच सगळीकडे सांगत बसावं लागलं होतं का?"

मी म्हटलं, "हो."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी कूस बदलली. गुडघा दुखत असेल.

५ जुलै

जाड लोकरी मोजे घेतले. सवलतीत होते. इथे घालणार कुठे, ते नंतर बघू.

११ जुलै

आज वकीलबाईंनी व्हिडिओवर मृत्युपत्र वाचलं. आम्ही सगळे ओळीनं बसलो होतो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाली लुंगी. सूनबाई एकेक वाक्य आमच्या भाषेत सांगत होती.

वकीलबाईंनी आधी विचारलं, तुमचं आडनाव काय? हे छाती पुढे काढून म्हणाले, आत्याबाईंचंच! आम्ही सगळे त्याच घराण्यातले! वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग हळूच काहीतरी बोलल्या. सूनबाईनं आमच्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"सांग ना," मी म्हटलं.

"आई, आत्यांचं ते आडनाव नव्हतं. त्यांनी कधीचंच सोडलं होतं. त्या मैत्रिणीचं आडनाव लावायच्या."

तराजूत वजन टाकावं आणि पारडंच नाहीसं व्हावं, तसा ह्यांचा चेहरा झाला. पाकिटावर मी आजवर नुसतं तुझं नाव आणि दुकानाचा पत्ता घातला, मला तरी कुठून कळणार!

पुढे ऐक. तू माझं नाव लिहिलंस ते माझ्या पाकिटांवरून. म्हणजे सासरचं आडनाव! दुकान त्या आडनावाच्या बाईला. आणि ती बाई कालपरवाच ह्यांनी चौकटीत छापून संपवली! वकीलबाई म्हणाल्या, सासरच्या आडनावाची बाई कोण आहे घरात?

कोणीच नव्हतं.

सूनबाई उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडला तरी हसणं ऐकू येत होतं.

बाकीच्या अटी: दुकान भाचीचं, तिच्या एकटीचं. मैत्रीण असेतो वरची खोली मैत्रिणीची. वरती एकच खोली आहे, एकच पलंग. मला वाटलं, किती काटकसरीनं राहिल्या बिचाऱ्या. थंडीचा देश, ऊबही राहते म्हणा.

१२ जुलै

वकीलबाईंचं म्हणणं सोपं आहे. पाकिटावरची बाई आणि ही बाई एकच, असं नवऱ्यानं शपथेवर लिहून द्यावं, किंवा तसं सांगणारा सरकारी कागद द्यावा. कागद सगळे ह्यांच्या लोखंडी कपाटात, किल्ली ह्यांच्या कमरेला.

मी म्हटलं, "अहो, लिहून द्या ना."

हे म्हणाले, "देतो की. आधी तू मुखत्यारपत्रावर सही कर. दुकानाचा सगळा व्यवहार मी बघतो."

"काय बघता?"

"विकायचं. तिथे कोण बसणार? म्हातारीची एखाद्या आश्रमात सोय लावू. इकडे मोठी जागा घेऊ. ह्याला एखादा गाळा घेऊन धंदा टाकून देऊ."

चिरंजीव म्हणाले, "मी जिमचा विचार करतोय." सोफ्यावर आडवे पडून म्हणाले.

आत्या, त्या "म्हातारी"ला मी पाहिलेलं नाही. पण तुझ्या प्रत्येक पत्रात ती होती. तिनं सूप केलं, ती चिडली, तिनं मांजर उचलून आणलं, ती चुकीच्या रंगाचा दोरा घेऊन आली म्हणून तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. मला ती नात्यातली वाटते.

मी ह्यांना विचारलं, "मी तुमची बायको होते, एवढं सांगायला तुम्ही काय घ्याल?"

"असं तिरकं बोलू नकोस. संसार वेगळा, व्यवहार वेगळा."

"इतकी वर्षं मला वाटायचं, एकच आहे."

हे पेपर घेऊन गॅलरीत गेले.

१९ जुलै

सही केली नाही. शपथपत्र मिळालं नाही. घरात बोलणं मिठापुरतं. हे मला "आपण" म्हणायला लागलेत. "आपण चहा करणार आहात का?" आपण केला. साखर विसरले. मुद्दाम नाही गं, पण आठवणही मुद्दाम केली नाही.

२४ जुलै

रात्रभर विचार केला की सही करून टाकावी. घरात शांतता होईल. दुकान काय, मी पाहिलेलंही नाही. माझं असं आजवर काय होतं? सुयांचा डबा. तेवढ्यावर गेलं की आयुष्य. पुढेही जाईल.

सकाळी सूनबाईला तसं म्हटलं. ती डबा भरत होती. झाकण लावता लावता म्हणाली, "तुमची इच्छा. पण मग ते मोजे मला द्या."

"कुठले मोजे?"

"उशीखाली ठेवलेत ते."

मी दिले नाहीत.

२८ जुलै

काय सांगू! समोरच्या काकूंच्या नातीच्या स्वेटरला कोपरावर भोक पडलं. त्याच रंगाचा दोरा शोधायला मी डबा रिकामा केला. तळाला तो पेपर. चौकट, आम्ही तिघे, माझा फोटो. सासरच्या आडनावाची ही बाई आता माहेरच्या आडनावानं ओळखली जाईल. राजपत्राचा क्रमांक अमुक.

मी तशीच सूनबाईच्या खोलीत गेले. स्वेटर काखेत. म्हटलं, "ही कोण?"

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मग कपाळावर हात मारला. "आई, सरकारनं छापलंय हो हे! दोन्ही आडनावं, एक बाई. राजपत्राची प्रत तर नेटवर कोणालाही मिळते!"

"म्हणजे ह्यांची सही?"

"बाबांनी केली ना सही. जाहिरातीचे पैसे भरले तेव्हाच!"

लॅबला उशीर झाला, तरी तिनं आधी ती प्रत काढली आणि वकीलबाईंना पाठवून दिली. जाताना पेपर नीट घडी करून डब्यात ठेवला. म्हणाली, "जपून ठेवा. बाबांनी आयुष्यात तुम्हाला दिलेलं सगळ्यात मोठं प्रेझेंट आहे."

६ ऑगस्ट

वकीलबाईंनी कागद मान्य केले. दुकान माझं झालं.

ह्यांना मीच सांगितलं. कसं जमलं, तेही सांगितलं. लपवून काय करायचंय? पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "चौकट काढायला सांगितली होती तेव्हा छापखान्यातला म्हणाला होता, काका, एवढी मोठी कशाला."

बिचारे. आत्या, मला खरंच वाईट वाटलं. थोडा वेळ.

९ ऑगस्ट

आज तुझ्या मैत्रिणीचा फोन आला! थेट माझ्याशी बोलली. आपल्या भाषेत! मोडकंतोडकं, पण गोड. तू शिकवलीस म्हणाली. सुरुवात शिव्यांपासून केलीस असंही म्हणाली आणि दोन म्हणूनही दाखवल्या. उच्चार अगदी तुझे. मी रडले, मग ती रडली, मग मांजर ओरडलं.

मी विचारलं, आत्यानं आडनाव का बदललं?

म्हणाली, "मी आजारी होते. दवाखान्यात विचारतात, घरचं कोण? आडनाव वेगळं, मग आत सोडत नाहीत. ती बाहेर बाकावर बसली, चार दिवस. मी बरी झाले, ती गेली ऑफिसात, माझं आडनाव घेऊन आली. म्हणाली, आता काढा बघू बाहेर."

केवढी हुशारी तुझी! मैत्रिणीसाठी इतकं कोण करतं? मी सूनबाईला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो आई. मैत्रिणीसाठी." मग उगाच माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लॅबमध्ये दमते हल्ली.

माझं आडनाव एकदा लग्नानं बदललं, एकदा लोभानं. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही. तुझं तू बदललंस. कोणाच्या तरी खाटेपाशी बसता यावं म्हणून. ह्यांच्या सगळ्या वजनांत हे कुठलं वजन बसतं, ते मला सांगता येणार नाही.

मैत्रीण शेवटी म्हणाली, "गिऱ्हाईक येतात. कोट ठेवून जातात. मला रफू येत नाही. मी फक्त बटणं लावते. तू येतेस?"

मी म्हटलं, "विचारून सांगते." फोन ठेवला आणि लक्षात आलं, विचारायचं कोणाला?

३ सप्टेंबर

तिकडे जायचा परवाना झाला. तिकीट सूनबाईनं काढलं. ह्यांनी परतीची तारीख विचारली. म्हटलं, थंडी बघून ठरवते.

"आणि माझा गुडघा?"

"तेल फडताळात, दुसऱ्या कप्प्यात. बाजारात चालत गेलात तर लागणारही नाही."

चिरंजीवांनी विचारलं, जेवणाचं काय? सूनबाई म्हणाली, "तुझं पित्त आहे ना, उपास बरा." ती मागच्या आठवड्यापासून कपडे आवरतेय. माझी बॅग भरायला मदत करतेय असं म्हणते, पण घड्या तिच्या कपड्यांच्या आहेत. विसरभोळी झालीय.

हे आज जुनी पितळी पाटी माळ्यावरून काढून पुसत बसले होते. पाटीवाल्यालाही बोलावलं. त्यानं आल्याआल्याच सांगितलं, "काका, आता नुसते स्क्रू ठेवा. पाटीचा मोह सोडा." हे चिडले नाहीत. पाटी मांडीवर घेऊन बसून राहिले. मी त्यांना चहा दिला, साखर घालून.

५ सप्टेंबर

आत्या, आज तुला नाही, तिला लिहिते. इथे कच्चं, मग पाकिटात पक्कं. तूही वाच.

"मावशी, सप्रेम नमस्कार. आत्याच्या यजमानांना काय म्हणायचं ते आम्हाला शिकवलंय, पण आत्याच्या मैत्रिणीला काय म्हणायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून मावशी म्हणते. चालेल ना?

तुमचा खोकला कसा आहे? मांजर खातं ना? मी महिनाअखेर पोचते. माझी झोपायची सोय दुकानातच करा, इस्त्रीच्या टेबलापाशी. वरचा पलंग तुमचा आणि आत्याचा आहे, तिथे मी येणार नाही. मोजे माझ्याकडे आहेत. आलेले कोट कोणाला परत करू नका. प्रत्येकाचं भोक खडूनं आखून ठेवा आणि आतली शिवण उसवू नका, दोरा तिथूनच काढावा लागतो.

तुम्ही विचारलंत, दुकानाच्या पाटीवर आता कोणाचं आडनाव घालायचं. इथे एकाच दारावर मी एवढी आडनावं लागलेली आणि उतरलेली पाहिली की मला आता त्यातलं एकही नको. नुसतं 'रफू' लिहा. ज्याचं फाटलंय त्याला तेवढं वाचता येतं.

मशीनचा पट्टा कुठल्या मापाचा लागतो ते कळवा, इथून आणते. आणि मावशी, उत्तर लवकर पाठवा. आत्या महिना लावायची. मला आता तेवढी वाट बघवत नाही."